बारावी खाच

कुणाच्या घरी गेले की ते आधी भिंतीला नमस्कार करायचे आणि मग घरच्या माणसांना. नमस्कार म्हणजे टकटक. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून दारालगतच्या भिंतीवर तीनदा वाजवायचं, कान तिरका करून ऐकायचं आणि मगच चपला काढायच्या. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझी आई पदर सावरून स्वागताला उभी, आणि हे भिंतीला कान लावलेले. "आत पोकळ हाये," ते म्हणाले. "चुन्यात राख जास्त पडली." आईनं चहा दिला खरा, पण ते गेल्यावर दोन दिवस ती त्या भिंतीला टेकून बसली नाही.

बुलढाण्याच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत ते ओव्हरसियर होते आणि मी ट्रेसर. महाराष्ट्र नुकताच झाला होता. कचेरीवरची पाटी नवी आणि आतली टेबलं जुनी, असे ते दिवस. ट्रेसर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. ओव्हरसियरनं पेन्सिलीनं काढलेला कच्चा नकाशा मेणकापडासारख्या कापडावर शाईनं उतरवायचा, मग त्याच्या निळ्या प्रती निघत. त्या शाखेत मी पहिलीच बाई. त्यामुळे माझं नाव कुणी घेतच नसे, नुसतं 'ट्रेसरबाई'. त्यांचंही नाव कुणी घेत नसे, नुसतं 'ओव्हरसियरसाहेब'. तेव्हा दोघांची नावं जिथं होती तिथंच राहू देते.

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम ओळंबा असे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायचं. चांगला जड होता. वीसेक वर्षं तो एकाच खिशात वागवल्यामुळे पँटचा तो खिसा लोंबत असे आणि खिशामागोमाग माणूसही. बुलढाण्यातल्या निम्म्या सरकारी भिंती ज्यानं ओळंब्यात आणल्या, तो स्वतः मात्र उजवीकडे कललेला होता. एका कंत्राटदारानं एकदा ही गोष्ट हसत हसत काढली. ते म्हणाले, "भिंत सरळ पायजे. माह्यावर कोनाले छप्पर टाकाचं हाये?"

ते घाटाखालचे, वरवट बकालचे. आम्ही बुलढाण्याचे लोक घाटावरचे, म्हणून आम्हाला आपण थोडे वरचे वाटतो. त्यांना ते मंजूर नव्हतं. "वर म्हंजे किती फूट?" ते विचारायचे, आणि कुणालाच सांगता यायचं नाही.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "साडेअकरा वाजले असतील," की ते मान वर न करता म्हणणार, "असतील म्हंजे? वाजले का नाई वाजले?" कचेरीच्या ओसरीत त्यांनी बरोबर पन्नास फुटांवर दोन पितळी खिळे ठोकले होते. रोज सकाळी मोजायची फीत त्या दोन खिळ्यांमध्ये ताणून पाहायची आणि मगच कामाला लागायचं. नवीन माणसानं कारण विचारलं तर ते सांगत, "कापडी फीत आन् मानसाची जीभ, वापरून वापरून लांब होते. फितीले निदान खिळे हायेत."

पण त्यांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे 'परत बोला'. मोजमापाचा एक रिवाज आहे. फीत धरणारा आकडा ओरडतो, लिहिणारा तोच आकडा मोठ्यानं परत म्हणतो आणि मग लिहितो. म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. हा रिवाज त्यांनी घरी नेला. बायकोनं "मीठ आणा" म्हटलं की हे दारातून "मीठ" म्हणून निघायचे. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला, मुलाचे वडील प्रसन्न होऊन म्हणाले, "मुलगी पसंत आहे." घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि हे म्हणाले, "परत बोला." पाहुण्यांना वाटलं, माणूस ऐकायला कमी आहे. त्यांनी ओरडून परत सांगितलं. शेजारच्या तीन घरांना लग्न ठरल्याचं त्याच वेळी कळलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्यांच्या काखोटीला एक वही असे आणि तिच्याशी थट्टा चालत नव्हती. मोजमाप वही. लाल पुठ्ठा, पानांवर छापील आकडे, एक पान फाटलं तरी चौकशी लागते अशी. मोजलं ते तिथंच, त्याच वेळी, शाईनं लिहायचं. खोडरबर नाही, गिरवणं नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते जन्मभर दिसत राहील. बाकीच्या ओव्हरसियरांच्या वह्यांत अशा रेघांची शेतं पिकलेली असत. यांच्या एकाही वहीत एकही रेघ नव्हती. कचेरीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त त्यांनाच ठाऊक होतं. मला म्हणायचे, "बाई, तुमचं बरं हाये. चुकलं की ब्लेडनं खरवडलं. आमाले ब्लेड नाई."

खरंच, ट्रेसिंगच्या कापडावरची शाई ब्लेडनं खरवडून काढता येते. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

एका चैत्रात त्यांच्याकडे एक काम आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बीबी गावाच्या अलीकडच्या एका माळावर पलटणीचा कॅम्प पडला होता. लढाई संपली, पलटण गेली, तंबू गेले, पत्रे गेले. राहिलं ते एक पंपघर. विहिरीवर बांधलेली दगडी खोली, आत इंजिन, आणि त्या इंजिनानं साऱ्या कॅम्पला पाणी. इंजिनही पलटणीनं नेलं. मग ती रिकामी खोली एका सरकारच्या कागदांवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या तिसऱ्याच्या, अशी फिरत फिरत शेवटी महाराष्ट्राच्या पदरात पडली. सरकारं बदलली, फाईलचा दोरा बदलला, शेरा मात्र एकच राहिला: 'वापरात नाही.' आता हुकूम निघाला होता की तिची पाहणी करून मोजमाप घ्यावं, ती पाडावी, दगड आणि लोखंडी तुळया नव्या विश्रामगृहाला वापराव्यात आणि विहीर बुजवून टाकावी.

पाहणीला ते आणि खलाशी रहीमभाई असे दोघं गेले. खलाशी म्हणजे फीत धरणारा माणूस, समुद्राशी संबंध नाही. परत आल्यावर रहीमभाईनं माझ्या टेबलाशी उकिडवं बसून सगळी हकीकत सांगितली.

"बाई, दरवाजा ढकलला तं आत सात बाया. घागरी, दोऱ्या, सारा बाजार. सायबानं बायांकडे पाह्यलं. मंग आर्डर काढली, आर्डरकडे पाह्यलं. 'इमारत वापरात नाही' लिवलेलं. म्हंते, 'रहीम, दोहोतून एक खोटं हाये. फीत काढ.'"

त्या बाया शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या. काही वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीनं धम्म घेतला होता. गावानं त्यांचा नवा धर्म ऐकून घेतला, पण गावातली विहीर जुन्याच नियमानं चालू ठेवली. तिच्यावर यांना चढू देत नव्हते. पलटणीच्या विहिरीला मात्र कुणी मालक नव्हता आणि म्हणून कुणाची बंदीही नव्हती. साठ घरं त्या एका पाण्यावर होती. ती विहीर बुजली तर पुढचं पाणी तीन मैलांवर, नाल्यात, आणि तेही होळीपर्यंतच.

त्या बायांमधल्या वयस्कर गयाबाईनं हात जोडून त्यांना विचारलं होतं, "बापा, हे पाडून राह्यले का तुमी?" त्यांनी भिंत वाजवली, ओळंबा सोडला, दार मोजलं, खिडकी मोजली. मग विहिरीच्या कठड्याशी जाऊन गुडघ्यांवर बसले. कठडा सिमेंटाचा होता आणि दोरी ओढून ओढून त्याच्या कडेला खाचा पडल्या होत्या. ते एकेका खाचेत पट्टी घालून खोली मोजू लागले.

"दोरीच्या खाचा काऊन मोजता बापा?" गयाबाईनं विचारलं.

"अर्ज लिवून ठेवला तुमी कठड्यावर," ते म्हणाले. "उतरवून घेतो."

आणि त्यांनी वहीत लिहिलं: 'विहिरीचा कठडा, दोरीच्या घासानं पडलेल्या खाचा, नग अकरा. खोली पाव ते पाऊण इंच. कडा गुळगुळीत, ओलसर.' तो 'ओलसर' शब्द पाहून मी मनात त्यांना दंडवत घातला. वाळल्या नाहीत म्हणजे आजही पाणी निघतं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण तसं लिहिलं असतं तर ते मत झालं असतं. मत देणं हे त्यांचं काम नव्हतं.

कच्चा नकाशा माझ्याकडे आला. "बाई, कठड्यावर खाचा काढा," ते म्हणाले. मला हसू आलं. नकाशात दारं काढतात, खिडक्या काढतात, दोरीच्या खाचा कधी कुणी काढल्यात? मला वाटलं, ही त्यांची नेहमीची खोड. कच्च्या नकाशात त्यांनी नुसतं 'खाचा' लिहून बाण काढला होता, आकडा वहीत होता. मी वही न उघडता कठड्याचं वर्तुळ काढलं, त्याच्या कडेला छान एकसारख्या अंतरावर खाचा काढल्या, शाई वाळवली आणि निळ्या प्रती मोठ्या साहेबांकडे गेल्या.

मोठे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. विश्रामगृह पावसाळ्याच्या आत उभं करायचं त्यांनी वर कबूल केलं होतं. त्यांनी ओव्हरसियरसाहेबांना बोलावलं आणि दार उघडंच असल्यामुळे सगळ्या कचेरीनं ऐकलं.

"हे काय आहे? दोरीच्या खाचा? मी इमारतीचं मोजमाप मागवलं होतं."

"इमारतीचंच हाये साहेब. भिंत झिजली तं आपन झीज लिवतो. कठडा झिजला, झीज लिवली."

"म्हणजे ती इमारत वापरात आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

"माह्यं काई म्हननं नाई साहेब. म्या मोजलं."

साहेबांनी निळी प्रत कपाटात ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः येऊन तपासतो. तुमची वही आणि हा नकाशा, एक इंच जरी इकडेतिकडे निघाला तर सगळी नोंद रद्द करून दुसऱ्या माणसाकडून नवीन घेईन. आणि नकाशा काढणाऱ्या बाईंनाही घ्या बरोबर."

मी जागेवरून उठले आणि नुसती खात्री करायची म्हणून ओव्हरसियरसाहेबांच्या टेबलावरची वही उघडली. नग अकरा. माझ्या जवळच्या प्रतीवर खाचा मोजल्या. बारा. परत मोजल्या. परत बाराच. निळ्या प्रती साहेबांच्या कपाटात होत्या, आता ब्लेड कुठं चालवणार? तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. माझी नोकरी कच्ची होती आणि 'शेवटी बाईमाणूस' हे दोन शब्दांचं वाक्य ऐकायला अर्धी कचेरी टपलेली होती. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

वैशाखातल्या एका सकाळी आम्ही निघालो. पुढे मोठे साहेब आणि ड्रायव्हर, मागे ओव्हरसियरसाहेब, रहीमभाई आणि मी. चिखली गेलं, मेहकर आलं. मेहकरात चहाला थांबलो तेव्हा ओव्हरसियरसाहेबांनी हॉटेलची भिंत वाजवून पाहिली आणि चहा बाहेर उभ्यानं घेतला. मला म्हणाले, "बाई, काऊन गप? गाडी लागते का?" मी मान हलवली. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं.

पंपघर माळावर एकटंच उभं होतं. मला वाटलं होतं, पडकी खोली असेल. पण दारापासून वस्तीपर्यंत पायवाट अशी घोटलेली होती की तिच्यावर गवताचं पातं नव्हतं. आत गारवा. विहीर मागच्या भिंतीला अगदी चिकटून. आणि तो कठडा. मी वाकून पाहिलं आणि माझं मलाच कसंसं झालं. कागदावर मी घड्याळाच्या चाकासारख्या एकसारख्या खाचा काढल्या होत्या. इथं दोन जवळ जवळ होत्या, मग एक मोठी, मग पुढे बरीच जागा मोकळी. दोन मैत्रिणी शेजारी उभ्या राहत असतील, एक बाई डावखुरी असेल. बाया भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. गयाबाई ठेंगणी, काटक, हातात दोरी तशीच. ती माझ्या हातातल्या नळीकडे बघत होती, जिच्यात नकाशा होता. तिला वाटत असावं, हिच्या हातात आहे सगळं. आणि दुर्दैवानं ते खरं होतं.

मोजणी सुरू झाली. साहेबांनी स्वतः फीत धरली. साहेब आकडा बोलले की ओव्हरसियरसाहेब परत बोलायचे, आणि साहेब नुसते पुटपुटले की "परत बोला" म्हणायचे. भिंत जुळली. दार जुळलं. मागच्या भिंतीतलं पाईपचं भोक, नऊ इंच, जुळलं. साहेबांनी बाहेरून, आतून, तुळईवर चढून सगळं मोजलं. इंच सोडा, दोरा इकडचा तिकडे झाला नाही. बारा वाजून गेले, ऊन डोक्यावर आलं. साहेबांच्या कॉलरची इस्त्री उतरली. त्यांनी रहीमभाईला पाणी मागितलं.

गाडीला टांगलेली छागल, पाण्याची कॅनव्हासची पिशवी, कधीची गळून रिकामी झाली होती.

मग गयाबाई हळूच म्हणाली, "साहेब, इथलं चालन का? आमचं?"

साहेब म्हणाले, "पाणी आहे ना? मग द्या."

तिनं घागर सोडली. दोरी कठड्याच्या एका खाचेत आपोआप जाऊन बसली, जशी म्हातारी रोजच्या जागी बसते. साहेब एक तांब्या प्याले आणि दुसरा मागून घेतला. ओव्हरसियरसाहेब प्याले, रहीमभाई प्याला. तांब्या माझ्याकडे आला तेव्हा माझा हात एक क्षण थांबला. ज्या घरात वाढले त्या घराचा तो हात होता. गयाबाईनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली, मला अवघडायला नको म्हणून. आजही त्या क्षणाची लाज वाटते. मी तांब्या घेतला आणि सगळा प्याले. पाणी गोड होतं.

ओव्हरसियरसाहेब कोपऱ्यात उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते.

मग साहेब रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "आता त्या खाचा." ते कठड्याभोवती फिरले, एकेका खाचेत बोट घालत. "अकरा."

"अकरा," ओव्हरसियरसाहेब म्हणाले.

साहेबांनी माझ्या हातातून नकाशा घेऊन कठड्यावर पसरला, मोजलं आणि मान वर केली. "इथं बारा आहेत."

ओव्हरसियरसाहेबांनी तो आकडा परत म्हटला नाही. इतक्या वर्षांत प्रथमच. ते वाकले, नकाशावरच्या खाचा बोटानं मोजल्या, मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. भिंत वाजवल्यावर अनपेक्षित आवाज आला की ते जसे बघायचे, तसं.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी वही न बघता काढलं."

"चूक कुणाची हा प्रश्न नाही," साहेब म्हणाले. "वही आणि नकाशा जुळत नाहीत. मी आधीच सांगितलं होतं. नोंद रद्द. नवीन माणूस येऊन नवीन मोजमाप घेईल." आणि नवीन माणूस खाचा मोजणार नव्हता, हे तिथं सगळ्यांना कळलं. त्या बायांनाही कळलं. कुणाच्या तरी हातातली घागर जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"बारावी हाये ना," गयाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"बाराच हायेत. बारावी भायेर हाये. चाला, दावतो." आणि ती आम्हाला मागच्या भिंतीकडे, बाहेरच्या बाजूला घेऊन गेली. तिथं छातीएवढ्या उंचीवर ते पाईपचं भोक होतं, गवतानं अर्धं झाकलेलं. "पलटन गेली तवा दाराले कुलूप होतं. दोन सालं. घागर यातून जात नाई, लोटा जाते. भित्ताडाच्या मांगंच हीर हाये, लोटा सरका पान्यात. मी आन् माही सासू, लोट्यालोट्यानं घागर भरत होतो. मंग कुलूप सडलं, तवा आत गेलो."

तिनं गवत बाजूला केलं. दगडी भिंतीत पाईप बसवण्यासाठी भोकाभोवती मऊ विटा लावल्या होत्या, त्यातल्या खालच्या विटेला एक खाच होती. मातीनं भरलेली. ओव्हरसियरसाहेबांनी खिशातून रुमाल काढून ती साफ केली, पट्टी घातली, आणि बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. "सव्वा इंच," ते म्हणाले. सगळ्यांत खोल.

"सव्वा इंच," साहेब म्हणाले. त्यांना कुणी परत बोला म्हटलं नव्हतं.

"भोकाची रुंदी घेतली म्या," ओव्हरसियरसाहेब स्वतःशीच म्हणाले. "खाली बोट नाई घातलं." जन्मभर दुसऱ्याच्या भिंती वाजवणाऱ्या माणसाची स्वतःची भिंत पोकळ निघावी, तसा चेहरा झाला होता. आणि मग तो चेहरा हळूहळू उजळला, पोरासारखा. ते तिथंच दगडावर बसले, वही मांडीवर घेतली, 'नग अकरा' यातल्या अकरावर एक आडवी रेघ मारली, वर 'बारा' लिहिलं, आणि बाजूला अशी दिमाखात सही केली की जणू बढतीच्या कागदावर करताहेत.

"नकाशात तिची जागा कठड्यावर दाखवलीय," साहेब म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता.

"जागा बाई ब्लेडनं दुरुस्त करतीन साहेब. त्याहिले चालते. सही करा आता."

तपासणाऱ्यानं शेवटच्या नोंदीखाली सही करायची असते. साहेबांनी पेन काढलं, पान वाचत खाली आले आणि थांबले. मी खांद्यावरून पाहिलं. शेवटची ओळ होती: 'आज रोजी समक्ष वापर: मा. साहेब, दोन तांबे. सोबतचे, प्रत्येकी एक.'

साहेबांचे कान लाल झाले. "हे खोडा."

"खोडता येत नाई साहेब."

"आत्ता माझ्यासमोर अकरा खोडलेत तुम्ही!"

"ते चुकलं होतं म्हनून खोडलं," ओव्हरसियरसाहेब शांतपणे म्हणाले. "हे चुकलं का? दोन नोते का?"

साहेबांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा पंपघराच्या दाराकडे, तिथं गयाबाई उभी होती. मग त्यांना हसू फुटलं. आधी दाबलेलं आणि मग खदखदून. "दोनच होते," ते म्हणाले आणि सही केली. त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'इमारत वापरात. पाडण्याचा प्रस्ताव रद्द.' आणि ओव्हरसियरसाहेबांनी ते मोठ्यानं परत वाचलं, नेहमीपेक्षा मोठ्यानं, म्हणजे बायांना ऐकू जाईल इतक्या.

"परत बोला," गयाबाई म्हणाली.

ते परत बोलले.

परतीच्या वाटेवर साहेब पुढे झोपले होते. मला राहवेना. मी मागच्या बाकावर ओव्हरसियरसाहेबांना म्हटलं, "बारावी मला ठाऊक नव्हती. वर्तुळाला गुण्या लावला की तीस तीस अंशांनी बारा भाग डोळे मिटून होतात. अकरा भाग करणं फार किचकट असतं. मी आळस केला, एवढंच."

"परत बोला," ते म्हणाले.

मी परत बोलले, हळू आवाजात. रहीमभाई खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे खांदे हसत होते.

ओव्हरसियरसाहेबांनी मांडीवरची वही उघडली, पेनचं टोपण काढलं, थोडा वेळ विचार केला. मग टोपण लावलं आणि वही मिटली. "हे नाई घेत म्या वहीत," ते म्हणाले. "आन् तुमीबी कुठं लिवू नका बाई. त्या बायांची खाच हाये ते. आपल्या आळसाचं नाव कायले लावता तिले?"

त्यानंतर मात्र त्यांनी कुठल्याही पाहणीला मला घेतल्याशिवाय जायचं नाही असा नियम केला. कचेरीत कुजबुज झाली. त्यांनी कुजबुजणाऱ्याला विचारलं, "किती जन म्हनून राह्यले? आकडा सांगा." कुजबुज तिथंच संपली.

निवृत्त होऊन ते वरवट बकालला गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं तो ओळंबा दाखवला, भिंतीच्या खिळ्याला टांगलेला, अगदी सरळ. जायला निघताना मी नकळत ती भिंत तीनदा वाजवली. पोकळ नव्हती.

इतकी वर्षं त्यांचा शब्द पाळला. बारावी खाच माझ्या आळसानं नकाशात आली हे कुणाला सांगितलं नाही, लिहिलं तर नाहीच. आज लिहिलं. शाईनं लिहिलंय, आणि माझं ब्लेड केव्हाच बोथट झालं. ओव्हरसियरसाहेब, चुकलं असेल तर सांगा, रेघ मारून सही करते. चुकलं नसेल, तर आता खोडता येणार नाही.